दिगंबररावांची कोरी फरशी

विषय : टेकडीच्या पायथ्याच्या ‘गिरिकुंज’ सोसायटीतील दुसऱ्या मजल्यावरची जागा भाड्याने देणेबाबत.
संदर्भ : जागेचे मालक व सोसायटीचे अध्यक्ष श्री. दिगंबरराव सरपोतदार यांनी फाटकावर लावलेली पाटी.

भाडेकरू मुलाबाळांचा आणि रोज टेकडी चढणारा हवा, असे पाटीवर म्हटले होते. त्याखाली बारीक अक्षरात, घरात मुलांचा आवाज आणि टेकडीची माती येता कामा नये, असेही होते. दोन्ही वाक्ये एकाच माणसाने एकाच दिवशी लिहिली होती.

परीक्षा सोपी होती. इच्छुकांनी रविवारी सहकुटुंब दिगंबररावांबरोबर टेकडी चढायची आणि उतरून समोरच्याच दारी, त्यांच्या घरी, चहाला यायचे. फरशीवर मातीचा कण दिसला किंवा पोराचा आवाज ऐकू आला, की चहा पिऊन निघायचे. एका बँक मॅनेजरांनी मुलाच्या पायांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. मुलगा दारातच घसरला आणि भोकाड पसरून बसला. मॅनेजरांना चहाही मिळाला नाही.

मग आल्या सुलभा गायधनी. एसटीत कंडक्टर. बरोबर नवरा एकनाथ आणि ओवी-गार्गी या जुळ्या मुली. राहती चाळ पाडायला काढलेली, महिनाअखेर सामान रस्त्यावर येणार, आणि दोन खोल्यांसाठी विचारले की लोक आधी मुली मोजत. हे घर हातचे गेले तर सासरी गावाला परतायचे, म्हणजे नोकरी सोडायची.

टेकडीवर दिगंबरराव अनवाणी चालत. पृथ्वीतत्त्व तळव्यातून शरीरात शिरते, असे त्यांचे मत होते. माथ्यावर ते हास्यक्लब चालवत. तिथे हसले की पायथ्याचे कुत्रे भुंकत. घरात चप्पल न आणण्याचा नियम ते कडक पाळत, कारण चप्पल घालतच नसत. तळव्यांची लाल माती त्यांच्या पत्नी रोज मागोमाग पुसत, त्यामुळे आपली फरशी मुळातच स्वच्छ राहते अशी त्यांची समजूत झाली होती. त्या रविवारी पत्नी माहेरी होत्या.

दारात दिगंबरराव बाजूला झाले. म्हणाले, “या. पाय जपून.”

“छे, काका, मोठ्यांनी आधी,” सुलभाबाई म्हणाल्या.

दिगंबरराव प्रसन्न होऊन आत गेले आणि खुर्चीत बसले. दारापासून खुर्चीपर्यंत पांढऱ्या फरशीवर लाल पावले उमटली, लक्ष्मीपूजनाला काढतात तशी, फक्त आकाराने दहा नंबरची. सुलभाबाईंनी मुलींच्या कानात काहीतरी सांगितले. ओवी आणि गार्गी ढांगा टाकत, नेमक्या त्याच ठशांवर पाय ठेवत आत आल्या. मागून आईवडीलही तसेच.

“आता फरशी बघा, काका. तुमच्याहून वेगळं एक पाऊल सापडलं तर आम्ही चाललो.”

दिगंबररावांनी फरशी पाहिली. मग स्वतःचे तळवे पाहिले. बराच वेळ पाहिले.

“मातीचा प्रश्न सुटला,” ते म्हणाले. “पण आवाज?”

“तुम्ही एकदा टेकडीवरच्यासारखं हसा. मुलीही हसतील. त्यांचा आवाज वेगळा ऐकू आला तर किल्ली नको.”

हसण्याची विनंती दिगंबररावांनी आयुष्यात कधी नाकारली नव्हती. त्यांनी छाती भरून घेतली आणि गडगडाट केला. जुळ्या बहिणीही पोट धरून हसल्या. खिडकीची तावदाने थरथरली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडले, “अहो सरपोतदार, हळू हसा की जरा!”

“बघा,” सुलभाबाई म्हणाल्या, “आमचं नावसुद्धा आलं नाही.”

यावर दिगंबरराव जे हसले ते क्लबाबाहेरचे, खरे हसू होते. त्यांनी किल्ली काढून दिली, आणि पाटी उतरवायला स्वतः खाली गेले. जाताना पायपुसण्यावर दोनदा पाय घासले.

गायधनी कुटुंब सध्या तिथेच राहते. गच्चीवर भल्या पहाटे चालणाऱ्या हसण्याच्या सरावामुळे मुलींची झोपमोड होते, अशा आशयाचा सुलभाबाईंचा अर्ज सोसायटीकडे दाखल झाला आहे. तो निर्णयासाठी अध्यक्षांकडे, म्हणजे दिगंबररावांकडे, प्रलंबित आहे.