सरकारांची कोरी पगडी

हिरणगावच्या दरबारात सरकारांच्या तसबिरीवरचा पडदा सरला आणि सगळ्यांचा श्वासच अडकला. डोळे, मिशा, अंगरखा, सगळं हुबेहूब होतं. पण पांढऱ्या पगडीच्या जागी नुसता कोरा कागद!

"आमची पगडी रंगवायलाच विसरलास?" सरकार कडाडले.

चित्रकार अंबाजीनं हात जोडले. "विसरलो नाही, सरकार. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागदाचाच पांढरेपणा राखतात. वर काही फासलं तर पगडी मळकी दिसेल."

"आम्हांला शिकवतोस? आत्ताच्या आत्ता रंग लाव, नाहीतर दिवस मावळायच्या आत संस्थान सोड!"

अंबाजीनं कुंचला भिजवला, तसबिरीपाशी नेला आणि तो थांबला.

"लावतो, सरकार. फक्त एकदा सर्वांसमक्ष हुकूम व्हावा, की भर दरबारात सरकारांच्या पगडीला हात घालायची मला परवानगी आहे."

दिवाणांच्या हातून पानाचा विडा गळून पडला. सरकारांचा हात नकळत स्वतःच्या डोक्याकडे गेला.

"खबरदार!" ते ओरडले. "कुंचला खाली ठेव! तसबीर आहे तशीच दिवाणखान्यात लागेल, आणि त्या पगडीला कुणी बोट जरी लावलं तर याद राखा!"