गल्लीच्या वळणापर्यंत

“मग आम्ही वाजवायचं तरी कुठं, मास्तर?”

लहूनं विचारलं आणि हातातलं ट्रम्पेट मांडीवर आडवं टाकलं.

इनूस मास्तर दर्ग्याच्या ओट्यावर बसले होते. समोर लिंबाखाली कुणाच्या तरी शेळ्या रवंथ करत होत्या. मास्तर त्यांच्याकडं बघत राहिले.

पुढचे दात गेले तसं मास्तरांचं क्लॅरोनेटही गेलं. ओठांना टेकू उरला नाही. तेव्हापासून ते बोलायचेही बेतानंच. उरलेली फुंकर जपून वापरायची असल्यासारखं.

बँड आता लहू सांभाळत होता. तालीम त्याच्याच घरी, सोप्यात. तुळशीची लग्नं जवळ आली होती. ती लागली की माणसांची सुरू होणार. लग्नसराई तोंडावर आणि शेजारच्या गोदाक्कानं काल दारात उभं राहून सगळ्या गल्लीदेखत सांगितलं होतं, की पुन्हा आवाज आला तर ती चौकीवर जाणार. गल्लीतल्या चार माणसांनी माना हलवल्या होत्या.

लहूनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. आक्कानं आधी निरोप धाडला होता, आवाज कमी करा. त्यानं कमी केला. खिडक्यांना गोधड्या लावल्या. ट्रम्पेटच्या तोंडात फडकं कोंबलं. दार लावून घेतलं. आत गडी घामानं निथळायला लागले. म्हादू ढोलवाला म्हणाला, असंच चाललं तर वरातीत नवऱ्या मुलाच्या अंगावरपण गोधडी टाकावी लागंल. तरी लहूनं ऐकलं नाही. आणि एवढं करूनही आक्का चौकीवर जायला निघाली.

“जळते ती, मास्तर. दुसरं काय?”

एक गोष्ट लहूनं सांगितली नाही. त्याची आई तो लहान असताना गेली. बाप बँडबरोबर गावोगाव. तेव्हा त्याच्या वाटणीची भाकरी गोदाक्काच्या चुलीवर भाजली जायची. आता तो रस्त्यानं येताना दिसला, की आक्का दार लावून घेत होती. चौकीचं त्याला भ्याव नव्हतं. ते दार लागलेलं बघवत नव्हतं.

“तालीम कशी घेतोस?” मास्तरांनी विचारलं.

लहू ताठ बसला. हा प्रश्न त्याच्या आवडीचा होता.

“माझ्याकडं चूक खपत नाही. कुणी चुकला की सगळ्यांनी थांबायचं. पुन्हा पहिल्यापासून. अख्ख्या तालुक्यात अशी तालीम कुणी घेत नसंल.”

“चाल कुठली?”

“तुमचीच. पाठवणीची.”

मास्तरांनी शेळ्यांवरची नजर काढली.

ती चाल त्यांनी तरुणपणी बांधलेली. नवरी मांडवातून निघाली, की वाजवायची. पंचक्रोशीतल्या किती लेकी त्या चालीवर सासरी गेल्या, ते त्यांनी कधी मोजलं नव्हतं.

“कुठवर आली?”

“मधल्या उचलीपर्यंत, चाल वर चढते तिथवर. तिथं किसनचा मोठा बाजा घसरतो. रोज तिथंच. पण मीपण सोडत नाही.”

“हं…”

मास्तर म्हणाले, “आज तालमीला तू बसू नको.”

“आणि?”

“आक्काच्या घरी जाऊन बस.”

लहूचा चेहरा उतरला. “माफी मागू तिची?”

“नको.”

“मग काय बोलू?”

“बोलायला कुठं सांगितलं? बस म्हटलं.”

*

संध्याकाळी लहू गोदाक्काच्या दारात उभा राहिला. आक्का शेंगा फोडत बसली होती. तिनं वर बघितलं. दार लावायला ती उठणार, असं त्याला वाटलं. पण तोवर तो उंबऱ्याच्या आत आला होता, आणि उंबऱ्याच्या आत आलेल्याला आक्कानं कधी बाहेर काढलं नव्हतं. तिनं सूप थोडं त्याच्याकडं सरकवलं. लहू खाली बसला आणि शेंगा फोडायला लागला.

पलीकडं भिंतीला लागून आप्पांची खाट होती. आप्पा म्हणजे आक्काचे मालक. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिलाईचं दुकान होतं. बँडचे लाल कोट तेच शिवायचे. वर्षामागं त्यांना वाऱ्याचा झटका आला. एक अंग गेलं, आणि डोक्यातले दिवसही एकमेकांत मिसळले. कालचं कुठलं आणि फार पूर्वीचं कुठलं, ते त्यांना निवडता येत नव्हतं. लहूला हे ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं. झटका आल्यावर एकदा तो बघून गेला होता. मग कामं निघाली, आणि राहून गेलं.

भिंतीपलीकडं ढोलावर पहिली थाप पडली.

इथून तो आवाज मोठा वाटत नव्हता. गोधड्यांतून गाळून आल्यासारखा होता. चाल सुरू झाली. लहू कान देऊन ऐकायला लागला, कोण कुठं चुकतो ते बघायला.

खाटेवर हालचाल झाली.

आप्पांचा चांगला हात चादरीतून बाहेर आला. हळूहळू वर उठला. समोर कुणीतरी वाकलंय आणि डोक्यावर तो ठेवायचाय, असा हवेत थांबला.

पलीकडं किसनचा बाजा घसरला. चाल थांबली.

हात तसाच राहिला.

मग पुन्हा पहिल्यापासून.

आप्पांनी हात खाली घेतला. चेहऱ्यावर गोंधळ. आक्काकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. चाल वर चढली, तसा हात पुन्हा उठला.

बाजा घसरला. चाल थांबली.

लहूच्या हातातली शेंग फुटायची राहिली.

“आक्का, हे…”

“कस्तुरीच्या लग्नात हीच वाजली होती,” आक्का म्हणाली. ती सुपाकडंच बघत होती. “तुझा बाप होता ढोलावर. मास्तर पुढं होते.”

कस्तुरी त्यांची एकुलती एक लेक. विजापूरकडं दिलेली. बरी नांदत होती. पोराबाळांची झाली होती.

पलीकडं पुन्हा सुरुवात झाली.

“यांना वाटतं, आज लग्न आहे,” आक्का सावकाश सांगत होती. “रोज वाटतं. लेक निघाली म्हणून हात उचलतात. आणि तुम्ही थांबता. रोज ती उंबऱ्यापर्यंत येते बघ, आणि परत मांडवात जाते. तालीम संपली की तुम्ही आपापल्या घरी जाता. हे बसून राहतात. पोरगी गेली का? का नाही गेली? नवऱ्याकडच्यांनी काही काढलं का? रात्रभर विचारतात मला. मी म्हणते गेली. तर म्हणतात, बाजा कुठं वाजला?”

लहूनं हातातली शेंग सुपात टाकली.

“मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगू, बाळा? यांचं असं झालंय हे गल्लीत ओरडून सांगू? आवाज कमी करा, एवढंच म्हणता येतं माणसाला.” तिनं टरफलं बाजूला सारली. “तू कमी केलास. मग तर हे भिंतीला कान लावून बसायला लागले.”

बाजा घसरला.

आप्पांचा हात हवेत होता.

*

दुसऱ्या दिवशी लहू सरळ दर्ग्यावर गेला. ट्रम्पेट बरोबर नेलं नव्हतं.

जे बघितलं ते त्यानं सांगितलं. मास्तर ऐकत होते. कस्तुरीचं नाव निघालं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

“ती चाल आजपासून बंद,” लहू म्हणाला. “दुसरी काहीतरी बसवतो.”

“आणि तो?”

“कोण?”

“ज्याची लेक मांडवात उभी आहे, तो.”

लहू म्हणाला, “तसं असंल तर किसनला एकट्याला घेऊन बसतो. त्याची जागा पक्की झाली, की एकदा आप्पांना पुरी ऐकवू. चोख.”

“कधी होईल पक्की?”

मास्तरांनी काठी घेतली. गुडघ्यावर हात देऊन उठले.

“चल.”

ते लहूच्या घरी पोचले, तेव्हा गडी जमले होते. मास्तरांना दारात बघून सगळे उभे राहिले, पाया पडले, पुन्हा सतरंजीवर बसले. वाद्यं हातात घेतली. म्हादूनं उठून दार लावलं.

मास्तर खिडकीपाशी गेले. एक गोधडी काढली. तिची घडी घातली. दुसरी काढली, तिचीही घातली. कुणाला काही कळेना. लहूच्या ट्रम्पेटमधलं फडकं त्यांनी दोन बोटांनी ओढून काढलं आणि घड्यांवर ठेवलं.

मग ते खाली वाकले, आणि गडी बसलेले असतानाच सतरंजी गुंडाळायला लागले.

किसन उठला. म्हादू उठला. एकेक करून सगळेच उठले. सतरंजी भिंतीशी उभी राहिली.

मास्तरांनी दार उघडलं आणि गल्लीत जाऊन उभे राहिले. गडी मागोमाग बाहेर आले. नकळत त्यांची रांग लागली, वरातीत लागते तशी. शेजारपाजारची दारं उघडली. परवा माना हलवणाऱ्या चौघांपैकी एक जण कमरेवर हात ठेवून पुढं आला. मास्तरांनी त्याला नमस्कार केला. तो तिथंच थांबला.

आक्काची खिडकी उघडी होती.

मास्तरांनी काठी उचलली. म्हादूनं थाप दिली.

चाल सुरू झाली आणि मास्तर चालायला लागले. सावकाश. लुगड्याच्या ओच्यात पाय अडकणाऱ्या, पुन्हा पुन्हा मागं वळून बघणाऱ्या पोरीला बरोबर घेऊन चालावं, इतकं सावकाश.

मधली उचल आली. किसनचा बाजा घसरला.

सवयीनं लहूचं ट्रम्पेट ओठांवरून खाली आलं. ते खाली आलं, तशी बाकीच्यांचीही वाद्यं अडखळली. सगळे त्याच्याकडं बघायला लागले. एकटा ढोल तेवढा चालू राहिला, कारण म्हादूची नजर लहूकडं नव्हतीच. ती मास्तरांच्या पायांवर होती.

आणि मास्तर थांबले नव्हते. त्यांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

लहूनं ट्रम्पेट पुन्हा ओठाला लावलं.

पुढची चाल त्यांनी इतक्या दिवसांत एकदाही वाजवली नव्हती. ती तशीच निघाली. कुठं अडखळत, कुठं धावत, एकमेकांना सांभाळत. खिडकीसमोरून जाताना लहूला एक हात दिसला. तो वर होता. आणि तो खाली येत होता, हळू, कुणाच्या तरी डोक्यावरून पाठीवर उतरावा तसा.

लहूला पुढचं नीट दिसेना. फुंकर तेवढी चालू ठेवली.

गल्लीच्या शेवटी कुंभाराच्या भिंतीपाशी वळण आहे. मास्तर तिथं वळले. मागोमाग बँड वळला. घरं दिसेनाशी झाली, तरी मास्तर चालत राहिले. चाल संपली, तेव्हा ते ओढ्याच्या काठावर होते.

म्हादूनं ढोल उतरवून खांद्यावर घेतला.

*

परत येताना वाद्यं काखेत होती, आणि सगळे दबक्या पावलांनी चालत होते. गोदाक्का उंबऱ्यावर उभी होती. तिनं तोंडावर बोट ठेवलं.

“झोपलेत,” ती हळू म्हणाली. “मला विचारलं, गेली का? मी म्हटलं, गेली. म्हणाले, रडली का? मी म्हटलं, थोडी. मग म्हणाले, असू दे… आणि कुशीवर वळले.”

तिनं पदरानं तोंड पुसलं. लहूकडं बघितलं. बऱ्याच दिवसांनी नीट बघितलं.

“जेवलास का?”

लहूनं नुसती मान हलवली. ती हो म्हणून हलली का नाही म्हणून, हे त्यालाही कळलं नाही. आक्का आत गेली. भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला.

बाकीचे गडी पांगले. मास्तर लहूच्या पायरीवर टेकले होते. चालून दम लागला होता. लहू त्यांच्या पायाशी, खालच्या पायरीवर बसला. ट्रम्पेट दोन्ही गुडघ्यांत धरलं.

“मास्तर… किसन त्याच जागी चुकला.”

“हं.”

“आणि पुढं मीपण चुकलो. वळणाच्या जरा अलीकडं.”

मास्तरांनी लहूच्या पाठीवर हात ठेवला.

“लेक जाते, तेव्हा काहीतरी मागं राहतंच, लहू. म्हणून कुणी तिला थांबवत नाही.”