माळाईला आणलेले डोळे

"पण बुवा, ह्याला मुहूर्त कशाला लागतो? डोळे आणलेत, बसवून टाका."

विश्वंभर सर हे उभ्याउभ्याच बोलला. बूट तेवढे काढले होते. मोजे तसेच.

चंदनगीर बुवा वाती वळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मुहूर्त कोण म्हणालं? मी बस म्हणालो."

सर बसला. शेजारी त्याची पोरगी बसली, कार्तिकी. पाचवीत आहे. उन्हातून आली तेव्हा डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला होता, तो सावलीत येऊनही काढीना.

हा विश्वंभर काही परका नाही. लिंबाळ्याच्या टेकडीवरच्या आमच्या ह्याच मठात तीन वर्षं भाकरी खाऊन तो दहावी झाला. बुवांनीच ठेवून घेतला होता. आता जिल्ह्याच्या गावी शिष्यवृत्तीचा क्लास चालवतो. क्लास म्हणजे बाकं-फळा काही नाही. हा घरात बसून मोबाइलपुढं बोलतो आणि चारशे पोरं आपापल्या घरी त्याला काचेत बघतात. ह्याला शिकवणं म्हणतात म्हणे.

सरानं डबी काढून बुवांपुढं ठेवली. कापसात चांदीचे दोन डोळे.

माळाईला डोळे वाहायची चाल आमच्याकडं जुनी आहे. माळाई म्हणजे शेंदराचा तांदळा, नुसता गोल दगड. नाक नाही, तोंड नाही, डोळे तेवढे. कुणाच्या डोळ्यांचं दुखणं असलं की त्याच्या नावानं नवी जोडी येते, जुनी काढून ठेवतात. त्या मी चिंचेनं घासतो, म्हणून मला हिशेब ठाऊक. पूर्वी वर्षाला दोन-तीन जोड्या यायच्या, मोतीबिंदूवाल्या म्हाताऱ्यांच्या. यंदा दिवाळीपासून अकरा आल्या. त्यातल्या नऊ शाळकरी पोरांच्या.

"काय होतं हिला?" बुवांनी विचारलं.

"डोळे उघडे ठेवत नाही."

"म्हणजे?"

"लाल होतात. वाळू गेल्यासारखं खुपतं म्हणते. तासभर झाला की चोळत बसते, मग डोकं धरते. लांबचं पुसट दिसतं म्हणते. दोन महिन्यांवर परीक्षा आली, बुवा. गेल्या साली माझी सतरा पोरं यादीत आली. आणि आता माझ्याच घरची..."



"डॉक्टर?"

"दाखवलं ना. चष्मा दिला, थेंब दिले. वर म्हणतो, स्क्रीन कमी करा. मधेमधे उठून लांब बघायला लावा. उन्हात खेळू द्या. त्याचं काय जातं सांगायला? त्याची पोरगी नाही बसायची परीक्षेला."

"किती वेळ बसते ही?"

"शाळेचा गृहपाठ मोबाइलवर येतो, तो दीड तास. माझा क्लास तीन तास. मग सराव परीक्षा, मग चुका तपासणं. आठ धरा."

बुवांनी हातातली वात खाली ठेवली.

"आठ तास तर मी माळाईपुढंही बसलो नाही कधी."

"तुम्हाला कुठं यादीत यायचं होतं," सर म्हणाला आणि हसला.

बुवाही हसले. मला हसू आलं नाही.

"मी नाही का इथं चिमणीपुढं वाचलं?" सराला आता जोर चढला. "ह्याच ओसरीवर. धूर जायचा डोळ्यांत, सकाळी नाक शिंकरलं तर काळं यायचं. माझे डोळे फुटले का?"

"तुझी चिमणी रॉकेल संपलं की विझायची."

सरानं हात झटकला. मग म्हणाला, "ते वेगळं."

बुवांनी पोरीला जवळ बोलावलं. ती आली. मान खाली, पापण्या मिचमिच करत.

"बाप शिकवतो तेव्हा तू कुठं बसतेस गं, बाय?"

"बाहेरच्या खोलीत."

"आणि तो?"

"आतल्या."

"मग आतच जाऊन बसावं की. बाप भिंतीपलीकडं असताना काचेत कशाला बघायचा?"

पोरीनं सराकडं पाहिलं. उत्तर सरानंच दिलं.

"तसं चालत नाही, बुवा. ती मधेच कॅमेऱ्यात येते. आणि नियम सगळ्यांना एक. क्लासात ती माझी कुणी नाही. घरची म्हणून सूट दिली की बाकीचे पालक बोलायला मोकळे."

"बरं."

"आणि तुम्हाला सांगतो, मी सोयच तशी करून घेतलीय. पोरानं डोळे मिटले की समोरच्या यंत्राला कळतं. टुंग वाजतं, नाव लाल होतं. चारशे पोरांत एकाचीही डुलकी लपत नाही. आमच्या तालुक्यात असं कुणाकडंच नाही."

"हिचंही नाव लाल होतं?"

"आधी व्हायचं. आता महिनाभरात एकदाही नाही."

हे सांगताना त्याची छाती फुगली होती. खोटं कशाला लिहू.

बुवांनी डबी उचलली.

"चल," ते म्हणाले. "बसवू."

गाभारा ठेंगणा आहे, वाकून जावं लागतं. आत एक समई. दुपारचं ऊन दारातच थांबतं. आम्ही चौघं दाटीनं बसलो.

जुने डोळे निघाले की नवे बसेपर्यंत देवी आंधळी असते. तेवढ्या वेळात तिला कुणी बघायचं नाही. बुवा सोडून सगळ्यांनी डोळे मिटायचे, डोळ्यांमागचं मेण थिजेपर्यंत. पाच-सात मिनिटांचं काम. कडेवरची पोरंही मिटतात, त्यांना तो खेळ वाटतो. इतक्या वर्षांत ह्यात कुणाला अडचण आलेली मी ऐकली नाही.

"मिटा," बुवा म्हणाले.

मी मिटले. तापलेल्या मेणाचा वास आला. चांदी टेकलेली ऐकू आली.

"मीट, बाय."

"मिटलेत."

थोडा वेळ गेला.

"बाय..."

"मिटतेय मी. ते उघडतात."

"कार्तिकी." हा सर, दबक्या आवाजात. "नाटकं बंद."

"नाही करत नाटक. आपोआप उघडतात."

"का उघडतात गं?" बुवांनी विचारलं.



"वाजेल असं वाटतं."

"काय वाजणार आहे इथं?" सर म्हणाला. "टॅब घरी आहे. माझा मोबाइल गाडीत आहे."

"माहितीय."

"मग?"

"तरी वाटतं."

मेण कढत होतं, तेवढाच आवाज... मग बुवांनी काहीतरी उचललं, ठेवलं.

"उघडा."

मी पाहिलं. माळाईला जुनेच डोळे होते. नवे डबीत, कापसात. डबी बुवांनी सरापुढं सरकवली.

"काय झालं? माप चुकलं का?"

"माप बरोबर आहे."

"मग बसवले का नाहीत?"

"तू काय मागायला आला होतास?"

"हिचे डोळे उघडे राहावेत म्हणून."

"ते मिटत नाहीत, विश्वंभर."

सरानं डबी हातात घेतली, फिरवली, पुन्हा खाली ठेवली.

"दोन महिने," तो म्हणाला. "फक्त दोन महिने काढू द्या. मग एकही दिवस टॅबला हात लावू देणार नाही. शब्द देतो."

"दोन महिन्यांनी काय आहे?"

"सुट्टी."

"मग?"

"मग सहावी. तिचा पाया उन्हाळ्यातच..."

तो आपला आपणच थांबला.

बुवांनी पोरीला ओढून मांडीशी घेतलं आणि आपला तळवा तिच्या दोन्ही डोळ्यांवर ठेवला. तेलकट हात, वाती वळून वळून बोटं मऊ झालेली.

"हा हात आहे तोवर काही वाजायचं नाही," ते म्हणाले.

आधी पापण्या फडफडत होत्या. बुवांची बोटं हलत होती त्यावरून कळत होतं. मग बोटं हलायची थांबली. मग पोरीची मान वाकडी झाली, तोंड उघडं पडलं, आणि ती झोपली.

कुणी हललं नाही. समईत तेल घालायचं होतं, तेही मी घातलं नाही.

सरानं मनगटावर पाहिलं. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं.

"पाचला क्लास आहे," तो कुजबुजला. "गाडीनं पाऊण तास लागतो."

"आज नको घेऊस."

"चारशे पोरं बसलेली असतात, बुवा."

"इथं एक झोपलंय."

सर तसाच बसला. मला वाटलं, ऐकेल. एवढा वेळ बसला म्हणजे ऐकेलच... तिच्या पायातला पैंजण सरकून टाचेत अडकला होता, तो त्यानं हळूच वर सारला. मग पुन्हा मनगटावर पाहिलं, आणि उठला.

त्यानं तिला हलवलं नाही. बुवांच्या मांडीवर आहे म्हणून असेल. नुसती हाक मारली. क्लासात मारत असेल तशी, खणखणीत.

"कार्तिकी."

पोरगी ताडकन उठून बसली. बुवांचा हात बाजूला पडला. डोळे टक्क उघडे आणि लालबुंद.

"मिटले नव्हते, सर," ती म्हणाली. "मी जागीच आहे, सर."



सर हसायला गेला. ते काही जमलं नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि तिच्या तोंडासमोर तोंड नेलं. हातभरही अंतर नव्हतं.

"अगं, मी आहे. बाबा."

ती बघत राहिली. पापणी लवली नाही. डाव्या डोळ्यातून पाणी गालावर आलं, तेही तिनं पुसलं नाही.

"हो, सर."

सरानं तोंड फिरवलं. बुवांकडं बघून तो भराभर बोलायला लागला.

"झोपेत आहे हो. इथं अंधारही आहे किती. तिला नीट दिसत नाही..."

बुवांनी हात धोतराला पुसला.

"दिसतंय तिला."