टांगलेल्या दुधीखाली

“माझ्यावर कुणी म्हणजे कुणीच विश्वास ठेवला नाही, मास्तर. तुम्ही सोडून.”

दामिनी हे बोलली तेव्हा बसलीसुद्धा नव्हती. एक चप्पल पायात, एक बाहेर.

मास्तर म्हणजे माझे सासरे, गोमाजी मास्तर; मी त्यांना मामाजी म्हणते. झाडीपट्टीतल्या गावोगावी त्यांनी उभा जन्म नाटकं बसवली. आणि दामिनी म्हणजे टीव्हीवरच्या मालिकेतली थोरली जाऊ. तिच्यापायी आमच्या गावात रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या चुलीवर भात करपतो. ती आमच्याच गावची, लांजेवारांची. आमच्याच छपरीत उभी राहून ती बोलायला शिकली.

त्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात तिचा सत्कार होता. त्याआधी ती मास्तरांच्या पाया पडायला आली. हातात शाल, डोळ्यांत पाणी. शाल तिने मास्तरांच्या खांद्यावर घातली. मास्तरांनी ती काढली, घडी केली, मांडीवर ठेवली.

“बस. पानी पे.”

“पाणी नको. आधी ऐका. आज मी माईकवरून सगळं सांगणार आहे. नाव घेऊन.”

“कोनाचं नाव?”

“आईचं.”

तांदूळ पाखडता पाखडता माझ्या हातातलं सूप थांबलं.

तिची आई भागरताबाई. सकाळी मी तिच्याकडे जाऊन आले होते. लेकीने पाठवलेलं लुगडं नेसून म्हातारी खाटेवर ताठ बसली होती. म्हटलं, टेका ना जरा. तर म्हणाली, “घडी मोडते ना बाई.” सत्काराच्या कार्यक्रमात तिला पहिली खुर्ची होती.

“पहिल्या खुर्चीवर बसवून बोलशील?” मी विचारलं.

“हो वहिनी. लोकांना कळू दे.”

“लोकांना कळेल. मग तुझी माय उद्या नळावर कोणत्या तोंडाने जाईल?”

“आणि मी कोठीत होते तेव्हा? माझं तोंड कुणी पाहिलं?”

ते खरं होतं. खोटं कशाला बोलू?

ती सतरा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. मामाजी तेव्हा ज्यांची नाटकं बसवायचे, त्या मोठ्या नाटक कंपनीची जीप तिला न्यायला दारात आली होती. नायिकेचं काम होतं. जीप बघताच भागरताबाईने पोरीला ओढत नेलं, धानाच्या कोठीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. पोरगी आतून दार बडवत होती. जीपने हॉर्न वाजवला, वाजवला, आणि ती गेली. पलीकडच्या आळीतली रंजू त्या जीपमध्ये बसली. दामिनीचं काम रंजूला मिळालं.

“सगळा हंगाम गेला माझा,” दामिनी म्हणाली. “घरच्यांचाच विश्वास नाही, तर मुंबईत कोण ठेवणार? किती वर्षं मी नुसते चहाचे ट्रे आणले, मास्तर. ‘मालकीणबाई, पाहुणे आले.’ झालं, संपलं काम.”

“तू विसरतेस,” मी म्हटलं. “दुसऱ्या साली मामाजींनी स्वतःची कंपनी काढली. तेव्हा तुझी मायच तुला हाताला धरून या दारात घेऊन आली. मी तिला शब्द दिला. म्हटलं, पोरगी माझ्या अंगाला अंग लावून झोपेल, आणि उशाशी विळा असेल. तेव्हा कुठं तिने तुझा हात सोडला.”

“मी जेवण सोडलं होतं म्हणून आणलं तिने.”

“हो का! जेवण सोडलेल्या पोरी मी पुष्कळ पाहिल्या. सगळ्यांना नाटकात नाही घालत कुणी.”

मास्तर हसले. दात नाहीत, पण हसू मोठं.

“थोरल्या जाऊबाई,” ते म्हणाले, “मले एक सांग. चहाच्या ट्रेवरून तू वर कशी आली?”

दामिनीचा चेहरा एकदम निवळला. जवळ सरकली.

“तुमच्यामुळे. ते सांगायलाच आले होते आणि भलतंच सुरू झालं बघा... मास्तर, आपल्याकडे माईक वर टांगलेला असतो ना? त्याच्या खाली यायचं, आपलं वाक्य म्हणायचं आणि मागं सरायचं. तुम्ही छडी घेऊन शिकवलंत. मागं नाही सरलं तर दुसऱ्याचं वाक्य मांडवाच्या टोकापर्यंत जात नाही.”

“मंग?”

“मुंबईत असं काही नसतं. माईक कपड्यांतच लावतात. पण माझी सवय जाईना. वाक्य झालं की मी आपली मागं. प्रकाशाच्या बाहेर! कॅमेरावाले हसायचे. म्हणायचे, ही बाई कामाला आली की पळायला? मी रडायचे... मग एका दिग्दर्शकाने पाहिलं. म्हणाला, ही मागं सरते आणि समोरच्याचं ऐकत उभी राहते. बाकी सगळे आपल्या वाक्याची वाट बघतात, ही एकटीच ऐकते. त्याने मला थोरली जाऊ दिली. मास्तर, मी जे खाते ते तुमचं आहे.”

ती वाकली. कपाळ मास्तरांच्या पायावर टेकवलं. बराच वेळ वर उठली नाही.

मलाही भरून आलं. का येऊ नये? आमच्या छपरीतून निघालेली पोरगी.

मास्तर मात्र वर बघत होते. छपरीच्या आढ्याला बियाण्याचा दुधी टांगला होता. वाळायला.

“ऊठ,” ते म्हणाले. “तो माईक.”

“काय?”

“तो दुधी. माईक हाये. संध्याकाळचं भाषन म्हनून दाखव.”

दामिनी हसली. पण उठली. दुधीखाली गेली आणि तिचा चेहराच बदलला. काय आवाज तो! अंगणातल्या कोंबड्या थबकल्या.

“माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. जन्म देणाऱ्या आईनेही नाही. तिने मला धानाच्या कोठीत कोंडलं. मी ओरडत होते, दार बडवत होते. तिने ऐकलं नाही.”

वाटलं, ही बोलली की गाव म्हातारीच्या तोंडावर थुंकणार.

“बेस,” मास्तर म्हणाले. “आता मागं सर.”

ती सरली. डोक्याला काही कळायच्या आत पाय मागे गेले.

“आता भागरताबाईचं वाक्य.”

“आई कुठं आहे इथं?”

“एक नट आला नाही तर दुसऱ्यानं दोन कामं करावं. तुले नवीन हाये का? पदर घे.”

“मास्तर, हे काय...”

“पदर.”

दामिनीने ओढणी डोक्यावर घेतली. कंबरेत वाकली. आता ती आईची टर उडवणार, हे मला दिसत होतं. तशीच ती दुधीखाली आली, हात नाचवत.

“नाही पाठवत माह्या पोरीले! नाटकात नाही, फाटकात नाही...”

“ते तू बनवलं,” मास्तर म्हणाले. “कोठीतून तुले आयकू आलं ते म्हन. दार फळ्याचं होतं. मधात फटी होत्या.”

दामिनीचे नाचणारे हात खाली आले.

वाऱ्याने दुधी हलला...

“म्हन.”

“...नाही पाठवत,” ती म्हणाली. आवाज उतरला होता. मुंबईची बोली गळून पडली होती. “मास्तर, तुमी देवमानूस हा. पन तुमचा तो मॅनेजर... त्याची नजर बेस नाही. मी डोरे पाहिले त्याचे. मागच्या साली चहा द्याले गेली तं तो माह्या पोरीकडं... मी बाई हाये, मले समजते. हात जोडतो मास्तर. दुसरी कोनाचीबी पोरगी नेऊ नका. कोनाचीच नेऊ नका...”

ती थांबली. हात अजून जोडलेलेच.

“मंग जीपमधला मानूस का बोलला?”

दामिनीने मास्तरांकडे पाहिलं. तिला आठवत होतं. मला दिसलं, तिला आठवत होतं.

“म्हन. त्याचंबी वाक्य हाये.”

“...‘बाई, तुमाले नाटकातलं का समजते?’”

“मंग?”

“मग सगळे हसले. बाबा हसले. शेजारचे हसले. मी आत... मला वाटलं, ती बहाणा करते. मला घरात ठेवायचं म्हणून काहीतरी रचून सांगते.”

“तू मानलं नाही.”

“कुणीच नाही मानलं.”

हे तिच्या तोंडून गेलं आणि तिनेच तोंडावर हात ठेवला.

मी सूप खाली ठेवलं. मला रंजू आठवत होती. होळीच्या आधीच परत आली होती ती. कुणाशी बोलेना. खिडकीतल्या उजेडाकडेही बघेना. घरच्यांनी घाईघाईने दूर कुठंतरी एका बिजवराला देऊन टाकली. पुन्हा गावात दिसली नाही. तिचा सत्कार कोण करणार?

“मायने...” दामिनीला पुढे बोलवेना. ओढणी तशीच डोक्यावर. “मायने कडी लावली म्हणून मी आज...”

दामिनी छपरीच्या कडेला बसली आणि रडली. टीव्हीवर रडते तशी नाही. नाक वाहेपर्यंत. मी पाणी दिलं, ते आता प्याली. मग एकदम हसलीसुद्धा.

“आणि ती खाटेवर ताठ बसलीय. घडी मोडू नये म्हणून. मला म्हणाली, तू बोल, मी आयकतो.”

“मग जा ना तिच्याकडं,” मी म्हटलं. “आमच्या दाराशी काय नाक पुसतेस?”

ती उठली. एक चप्पल घातली आणि थांबली.

“मास्तर, संध्याकाळी मग मी काय बोलू?”

“तेच बोल. ‘कोनी विश्वास ठेवला नाही.’ वाक्य बेस हाये. पात्र चुकलं होतं.”

“आईचं म्हणून बोलू?”

“आईचं म्हनून.”

“मग लोक विचारतील, कुणी नाही ठेवला? कुणाचं नाव घेऊ? मॅनेजर तर मेला.”

“मेलेल्याले कायले उठवतं...”

हा माणूस काय करणार, ते मला कळलं होतं. साऱ्या झाडीत लोक ज्याच्या पाया पडतात, तो हा माणूस; त्या दिवशी जीपमधून भागरताबाईला ते बोललेलाही हाच. “मामाजी,” मी म्हटलं, “आपल्याला याच गावात राहायचं आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मांडीवरची शाल उचलली, दामिनीच्या हातात दिली.

“हे तुह्या मायले घाल.”

“मास्तर, नका...”

मास्तर काठी टेकत उठले. दुधीखाली जाऊन उभे राहिले. काठी बाजूला ठेवली. पाठ सरळ केली. किती वर्षांनी मी ती पाठ सरळ पाहिली.

“माईकच्या खाली नीट उभी राहजो. नाव पूरं घेजो. मांडवाच्या टोकाले, धानाच्या तनसीवर बसलेल्या मानसालेबी आयकू गेलं पाह्यजे... गोमाजी लहानू भर्रे.”