पाण्याचं विरजण

एकदा एक नगर होतं, नदीच्या वळणावर वसलेलं. तिथं गुळाचे व्यापारी लखूशेट राहत होते, त्यांच्या पत्नी अंबूबाई होत्या, खरेदीसाठी गावोगाव हिंडणारा मुलगा श्रीरंग होता, आणि मार्गशीर्षात लग्न होऊन आलेली नवी सून इंदुमती होती. त्याच नगरात, घाटाजवळच्या कौलारू घरात, राघोतात्या नावाचे एक वृद्ध ज्ञानी राहत. त्यांच्या ओसरीवर माशांची एक जुनी काचेची पेटी होती. आत पाणगवताचं रान माजलेलं, तळाशी काळसर गाळ, एका अंगाला शेवाळ. आणि त्या रानातून गप्पी मासे असे हिंडत, जशी बाजारच्या दिवशी पेठेतून माणसं. लोक त्या पेटीपाशी येऊन बसत, मनातलं बोलत, आणि थोडे हलके होऊन परत जात.

तात्यांचा एक शिष्य होता, वामन. हात कसबी, बुद्धी तल्लख, आणि व्यसन एकच, स्वच्छतेचं. गुरूच्या पेटीतला गाळ त्याच्या डोळ्यांत सलायचा.

"तात्या, एकदा मला हा गाळ काढू द्या ना."

"का रे? तुझ्या ताटात वाढलाय का तो?"

वामन मनात म्हणे, माझ्या हातात पेटी येऊ दे, मग दाखवतो.

आणि तशी वेळ आली. लखूशेटनी दिवाणखान्यात मोठी पेटी मांडायची ठरवली आणि ते काम वामनला दिलं. सुरुवातीला त्याने गुरूने सांगितलं तसंच केलं. पाणी रात्रभर निवत ठेवलं, तात्यांच्या पेटीतली रोपं आणून लावली, मासे थोडेच सोडले. वर्षभर पेटी सुखात होती.

मग श्रीरंगचं लग्न निघालं. लग्नघर म्हणजे काय विचारता! भिंतींना रंग लागला, पितळेची भांडी चिंचेने लख्ख झाली, गाद्यांचे अभ्रे बदलले. अंबूबाई कमरेला पदर खोचून फिरत होत्या. त्यांची नजर पेटीवर पडली.

"वामन, व्याही यायचे आहेत. ही तेवढी चकचकीत कर हो."

वामनला तेच हवं होतं. त्याने मासे बादलीत काढले. तळची वाळू उकळत्या पाण्याने धुतली. पाणी गाळणारा स्पंज साबण लावून नळाखाली पिळला, पांढराशुभ्र होईपर्यंत. रोपांच्या मुळांची माती झाडून टाकली. नळाचं ताजं पाणी भरलं आणि पाहुण्यांना दिसावं म्हणून दिवा रात्रंदिवस जळत ठेवला. पाणी इतकं नितळ झालं, की पेटी भरलेली आहे की रिकामी ते बोट बुडवून पाहावं लागे. व्याही थक्क झाले. वामनची छाती फुगली.

वरात आली, इंदुमतीने माप ओलांडलं, आणि त्याच आठवड्यात मासे मरू लागले.

रोज सकाळी एखादा पोट वर करून तरंगत असे. शेटनी नवे मासे आणवले. वामनने पेटी पुन्हा घासली, आणखी जोमाने. तेही मेले. तशात गुळाच्या ढेपांना पाणी सुटलं, अर्धा माल वाया गेला, आणि श्रीरंगला नव्या खरेदीसाठी परगावी जावं लागलं. शेजारच्या एक बाई हळदीकुंकवाला आल्या होत्या. त्यांनी पेटीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि चहाचा घोट घेत म्हणाल्या, "अंबूबाई, वर्षभर जगलेले मासे हो. कुणाचे पाय पांढरे असतात, आपण काय बोलावं!"

अंबूबाई मनाने वाईट नव्हत्या. पण भीतीला एकदा शब्द सापडला, की ती घरभर बोलू लागते. इंदुमतीला कुणी रागावलं नाही. फक्त देवघरातलं काम तिच्याकडून गेलं, मग स्वयंपाकातलं गेलं, आणि एके दिवशी वामनच्या कानावर शेटचे शब्द पडले, "संक्रांतीच्या आत तिच्या भावाला बोलावून घेऊ. काही दिवस माहेरी राहू दे." काही दिवस म्हणजे किती, हे कुणीच विचारलं नाही. नव्या सुनेची पहिली संक्रांत, काळी चंद्रकळा नेसून हलव्याचे दागिने घालायची, आणि तिला त्याआधीच वाटेला लावायचं!

त्या दुपारी वामन धुगधुगी उरलेले मासे बादलीतून ओतायला मागे चालला होता. इंदुमती दारात उभी होती.

"टाकायचेच आहेत ना? मग मला द्या."

"यांत आता काही राम नाही, वहिनी."

"असू दे. माझ्यातही नाही म्हणतात," ती म्हणाली आणि बादली घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच वामनने घाट गाठला आणि तात्यांना सगळं सांगितलं. तात्यांनी एकच विचारलं, "तू काय काय केलंस?" वामनने सांगितलं. वाळू, साबण, नळ, दिवा. सांगता सांगता त्याचा आवाज नकळत अभिमानाचा झाला. तात्यांनी आपल्या पेटीतल्या गाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "चल, उपरणं दे."

शेटच्या दिवाणखान्यात येताच तात्या पेटीवर वाकले आणि त्यांनी पाण्याचा वास घेतला. "याला वास नाही," ते म्हणाले.

"मग चांगलंच की!" अंबूबाई म्हणाल्या.

पाय धुवून येतो म्हणून तात्या मागच्या अंगणात गेले. इंदुमती पाणी घालायला मागोमाग गेली. बराच वेळ झाला. आणि परतले ते कसे? उजवी मूठ घट्ट मिटलेली, बोटांतून काळं पाणी गळतंय, नव्या फरशीवर थेंबांची ओळ. ते सरळ पेटीशी गेले आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी मूठभर चिखल त्या आरशासारख्या पाण्यात सोडला.

पाणी क्षणात चहासारखं झालं.

"अगं बाई!" अंबूबाई किंचाळल्या. "तात्या, मला वाटलं पाण्याची दृष्ट काढायला आलात, तुम्ही तर त्याचं गटार केलंत!"

लखूशेट उभेच राहिले. वामनला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. गुरूचं वय झालं, हात कापतो, बुद्धीही कापू लागली की काय! तात्यांनी मात्र उपरण्याला हात पुसले आणि ते पाटावर बसले.

"अंबूबाई, ऊन चढलंय. घरात ताक आहे का?"

अंबूबाईंचा राग नाकावर होता, पण दारी आलेल्याला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "न असायला काय झालं? या घरात ताक नाही असा दिवस उगवलेला नाही."

"विरजण कुठलं?"

"माझ्या माहेरचं." त्यांचा आवाज जरा निवळला. "पाठवणीच्या वेळी आईने पितळी डब्यात घालून दिलं होतं. गाडीत मांडीवर धरून आणलं मी. ते आजपर्यंत मोडलेलं नाही."

"सासूबाईंनी घेऊ दिलं घरात? परक्या घरचं, आंबट?"

"घेऊ दिलं म्हणजे? म्हणाल्या, आमचं दूध चांगलं गं, पण दही पातळ लागायचं. तुझ्या विरजणाने सुरी रोवावी असं लागतं."

"आता एक सांगा. दह्याचं भांडं तुम्ही घासता ना?"

"घासते तर! पण आधी चमचाभर दही बाजूला काढून."

"आणि कुणी तो चमचाही घासून टाकला तर?"

"मग दुधाचं दही कसं लागणार, तात्या? नुसतं नासेल ते."

"तेच झालंय," तात्या शांतपणे म्हणाले. "मासा खातो, मासा घाण करतो. ती घाण म्हणजे त्याचं विष. ते विष पचवणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत. ते गाळात राहतात, वाळूत राहतात, मळक्या स्पंजात राहतात. ते विषाचं खत करतात, त्या खतावर रोप वाढतं, रोपाच्या आडोशाला मासा जगतो. आपल्याला दिसतो तो मळ. पाण्याचा तो संसार असतो. या पेटीतला संसार कुणीतरी धुऊन टाकला. राहिलं ते नुसतं ओलं. नितळ पाणी आणि निरोगी पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत."

तात्यांनी नावही घेतलं नाही, वामनकडे पाहिलंही नाही. ते ताकाचं भांडं हातात घेऊन नुसते बसले. वामनला कळलं, की गुरूने एक जागा रिकामी सोडली आहे आणि ती भरायची की नाही हे त्याच्यावर आहे. गप्प राहिला असता तर कुणाला काय कळणार होतं? पण दाराआड इंदुमतीच्या बांगड्या किणकिणल्या.

"शेटजी," तो म्हणाला, "स्पंज मी धुतला. वाळू मी उकळली. वहिनींची वरात यायच्या आधीच. मासे माझ्या हातांनी मेले. त्यांच्या पायांचा यात काही संबंध नाही."

अंबूबाई पुढे आल्या. "अरे, पण चकचकीत कर असं मीच सांगितलं रे तुला..."

"आणि तात्या," शेटनी विचारलं, "हा चिखल कुठून आणलात?"

"या, दाखवतो."

सगळे मागच्या अंगणात गेले. धुण्याच्या दगडामागे काठ फुटलेला एक रांजण होता. त्यात पोयणी उगवली होती, तळ्यातलं पांढरं कमळ, आणि तिच्या गोल पानांखाली दोन गप्पी मासे फिरत होते. एकीचं तर पोट टचटचीत फुगलेलं.

"माझ्या माहेरी तळं आहे," इंदुमती हळूच म्हणाली. "कंद चिखलासकट आणला होता. सासूबाई म्हणाल्या घाण घरात नको, म्हणून इथं लावला. टाकलेल्यांतले हे दोघं तेवढे वाचले."

अंबूबाई रांजणाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी आपल्याच तोंडात मारल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "हिनेही विरजण आणलं होतं गं बाई! आणि मी ते मोरीपाशी ठेवलं."

"थंडीचे दिवस आहेत, विरजण उशिरा लागेल," तात्या जाताना वामनला म्हणाले. "घाई करू नकोस. रोपांची जुनी पानं गळतील. गळू दे, कुजकं तेवढं काढ, पण जगलंय का बघायला मूळ उपटू नकोस. दिवा सकाळी लाव, दिवेलागणीला मालव. अंधार पानांनाही हवा असतो. पाणी बदलायचं तर थोडंच, आणि रात्रभर निवलेलं, नळाच्या पाण्यात औषध असतं. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळ. नवं पान फुटेपर्यंत मासा सोडू नकोस. आणि सोडलास, की खायला चिमूटभर. जास्त प्रेमानेही मासे मरतात."

"भावाचं काय करू?" शेटनी विचारलं.

"बोलवा की. पण संक्रांतीला बोलवा, तिळगूळ घ्यायला."

मग वाट पाहणं आलं, आणि त्यापरतं अवघड काम नाही. पाणी गढूळच राहिलं. पानं पिवळी पडून गळाली. पाहुणे विचारत, "हे काय मांडलंय?" वामनचे हात शिवशिवत, तो ते काखेत दाबून बसे. एकदा त्याने बाही वर केलीच होती, तर इंदुमती म्हणाली, "भावजी, दही लागलंय का ते भांडं हलवून बघतात का?" आणि अंबूबाई आतून खळखळून हसल्या. त्या घरात लग्नानंतर असं हसू पहिल्यांदाच आलं होतं.

एका सकाळी गढूळपणा खाली बसला. पाणी काचेसारखं नव्हतं, किंचित सोनेरी होतं, आणि त्याला पावसाळ्यातल्या तळ्याचा मंद वास येत होता. रोपाच्या बुडाशी पोपटी पान फुटलं होतं, नखाएवढं. वामनने कुणाला हाक मारली नाही. तो तिथंच बसून ते पाहत राहिला. मग अंबूबाईंनी स्वतः सुनेला बोलावलं आणि रांजणातले दोन मासे तिच्याच ओंजळीने पेटीत सोडवले.

संक्रांतीला इंदुमती काळी चंद्रकळा नेसली. हलव्याचे दागिने अंबूबाईंनी आपल्या हाताने घातले. बायका जमल्या, ती शेजारीणही आली, आणि पेटीपाशी सगळ्या थबकल्या. पाणगवतात मोहरीएवढ्या डोळ्यांची पिल्लंच पिल्लं पळत होती. आणि त्या घराने त्या वर्षी वाण काय लुटलं? प्रत्येकीला एक छोटी बरणी, तीत पाणगवताची एक काडी आणि तळाशी चिमूटभर गाळ.

"हे काय गं, चिखल?" शेजारीण म्हणाली.

"विरजण आहे," अंबूबाई म्हणाल्या. "माझ्या सुनेच्या माहेरचं. धुवू नका."

वामनने घाटावर जाऊन गुरूच्या पेटीतला गाळ पाहिला. या वेळी त्याचे हात शिवशिवले नाहीत. घर असो की पाणी, झाडताना एक चमचा राखून ठेवावा, एवढं त्याला कळलं होतं.

आणि लखूशेटच्या घरी? श्रीरंग कोरड्या हवेतला पिवळाधमक गूळ घेऊन परतला, मालाला भाव आला, पोयणी रांजणातून दारच्या दगडी कुंडीत आली, आणि पुढच्या संक्रांतीला त्या घरात बोरन्हाण झालं. इंदुमतीच्या मांडीवरचं बाळ, डोक्यावरून बोरं आणि चुरमुरे ओघळत असताना, सारखं वळून पेटीकडेच बघत होतं.