तंगुसाची कोरडी गाठ

तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, नवा होता आणि दोऱ्यांना बोलता येत होतं, तेव्हाची गोष्ट. हसुराम कोळी गळ बांधताना गाठीवर थुंकायचा, मगच ती आवळायचा.

"शी! माझी गाठ कोरडीच बांधा," तंगूस किंचाळला.

"अरे, मी खरखरीत, मला कोरडी चालेल. तू गुळगुळीत, तुझी गाठ ओली केल्याशिवाय घट्ट आवळत नाही, सुटेल," सुती दोरी म्हणाली.

"जळतेस तू माझ्यावर!"

हसुरामने तंगुसाला कोरडी गाठ मारून गळ खाडीत सोडला. मोठा जिताडा लागला, हिसका बसला, गाठ सर्रकन सुटली आणि मासा गळासकट पळाला.

"घरी बायको वाटण करून बसलीय रे!" हसुराम कळवळला.

त्याने नवा गळ घेतला. गाठ आवळणार, तोच तंगूस हळूच म्हणाला, "दादा, थुंका. पान खाल्लं असेल तरी चालेल."