दुपारची घटका नाही द्यायची!

डोंगराच्या कुशीत एक फुलबाग होती. पिवळीधमक शेवंती, लालचुटूक जास्वंद, पांढराशुभ्र मोगरा, नुसता रंगांचा कल्लोळ! तिथली फुलं देवळात जायची, आणि देवाची फुलं हुंगायची नसतात. हुंगलं की फूल उष्टं झालं! म्हणून चिमुकली मंजुळा आणि तिची आई सुगंधाच्या राशीत राबायच्या, पण नाक वळवून. उजाडताच हातात आलेली परडी दिवेलागणीलाच खाली ठेवायची. एवढं करून घरी भाकरी मिळायची, भाजी कधीतरीच.

पण मंजुळा काही रडूबाई नव्हती. झाडावरची फुलं देवाची, मग खाली पडलेला चाफा कुणाचा? तो तर देवालाही वाहत नाहीत. "मग आपलाच!" ती म्हणायची. मधे फक्त दुपारी घटकाभर सुट्टी मिळे. तेव्हा मायलेकी चाफ्याखाली बसून भाकरी खात आणि एक पडलेलं फूल आळीपाळीने हुंगत.

"आधी तू, आई."

"नाही गं राणी, आधी तू."

आणि आई खुदकन हसे. अख्ख्या दिवसात ती तेवढीच हसे.

एकदा ते हसू बागेच्या मालकीणबाईंच्या कानावर गेलं. झालं! हसायला फुरसत आहे म्हणजे काम कमी पडतंय! "उद्यापासून दुपारची सुट्टी बंद," त्यांनी फर्मान सोडलं. "भाकरी चालता चालता खा!"

आईने मान खाली घातली. मंजुळेने नाही घातली. तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं.

दुसऱ्या दिवशी जास्वंदीच्या जाळीत तिला काहीतरी लुकलुकताना दिसलं. कोळ्याच्या जाळ्यात अडकलेली, बोटभर उंचीची परी! पंख निळे-जांभळे, अगदी नाजूक. परडी अर्धीच भरली होती, उशीर झाला तर बोलणी ठरलेली. तरी मंजुळेने परडी खाली ठेवली आणि एकेक धागा हलकेच सोडवला. मग आपल्या भाकरीचा तुकडाही परीला दिला.

"गोड मुलगी आहेस," परी पंख झटकत म्हणाली. "एक इच्छा माग. एकच हं! सूर्य डोक्यावर यायच्या आत. आणि स्वतःपुरतं मागितलंस, तर बदल्यात तुझं सगळ्यात लाडकं सुख मला द्यावं लागेल. महाल देऊ? सोन्याचा?"

मंजुळेचे डोळे चमकले. "बदल्यात काय घेशील?"

"दुपारी चाफ्याखाली बसण्याची ती घटका."

"मग तुझा महाल तुलाच लखलाभ!" मंजुळा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "ती घटका मालकीणबाईंना नाही द्यायची आणि तुलाही नाही द्यायची. आई तेव्हाच हसते!"

सूर्य वर वर चढत होता. बागेत सगळ्या बायका घामाघूम होऊन फुलं तोडत होत्या. त्यांच्याकडे बघता बघता मंजुळेचा चेहरा उजळला. "परीताई, माझं ठरलं! या बागेत राबणाऱ्या सगळ्यांना दुपारची घटका मिळू दे. ती कुणालाही हिसकावता येऊ नये!"

परी खळखळून हसली. "हे तर स्वतःपुरतं नाही. मग मोबदला कसला?"

तिने टाळी वाजवली. सूर्य डोक्यावर आला, आणि बागेतल्या साऱ्या फुलांनी पाकळ्या मिटून घेतल्या. मालकीणबाई धावत आल्या. एक शेवंती ओढून पाहिली, एक मोगरा ओढून पाहिला. एकही फूल देठ सोडेना!

"बसा गं सगळ्या!" मंजुळा ओरडली. "फुलंसुद्धा सुट्टीवर आहेत!"

बायका बसल्या. भाकऱ्या सुटल्या, गप्पा रंगल्या, आणि चाफ्याने प्रत्येकीच्या ओटीत एकेक फूल टाकलं. एक मालकीणबाईंच्या पायाशीही पडलं.

"हुंगा ना," मंजुळा म्हणाली. "खाली पडलंय, ते देवाचं नाही."

मालकीणबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा फूल हुंगलं. मग त्या हळूच पदर सावरून खाली बसल्या.

आई खुदकन हसली, आणि त्याच क्षणी परी सोनेरी झगमगाटात विरून गेली.

त्या बागेत अजूनही भर दुपारी फुलं मिटतात म्हणे. मंजुळेला मिळाली तशी घटका तुम्हां-आम्हांलाही मिळो. आणि कुणी ती हिसकायला आलंच, तर कमरेवर हात ठेवून "नाही द्यायची!" म्हणायची हिंमतही मिळो.